केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह

केसपेपरवर एवढीच ओळ असते: ‘आठ दिवस ताप, घसा लाल, मानेत गाठी. ? मोनो.’ मी वैद्यकीय कोडिंगचं काम करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना ठरावीक कोड लावते, त्यामुळे अशा ओळी रोज नजरेखालून जातात. मोनो म्हणजे इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस, ताप, घसादुखी आणि गाठी आणणारा संसर्गजन्य आजार. या ओळीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘मोनो’च्या आधीचं प्रश्नचिन्ह. घसा बघून, मान चाचपून डॉक्टर विचार करत जिथवर पोचले आणि जिथे थांबले, ती जागा त्या खुणेने दाखवलेली असते. पुढच्या टेबलावर या ओळीचा कोड होतो. कोडच्या चौकटीत अक्षर बसतं, आकडे बसतात, टिंब बसतं. प्रश्नचिन्ह बसत नाही. संध्याकाळपर्यंत ‘कदाचित मोनो’ असलेला माणूस नोंदीपुरता ‘मोनो झालेला’ माणूस ठरतो, आणि ती नोंद त्याच्यामागे वर्षानुवर्षं फिरते.

माझं म्हणणं या एका खुणेबद्दल आहे. निदानाची नोंद डॉक्टरांच्या स्वतःच्या खात्रीहून जास्त ठाम असता कामा नये. अचूक कोडिंग म्हणजे शेवटचा अंक बरोबर भरणं, असा अर्थ आमच्या क्षेत्रात घेतला जातो. तो अंक महत्त्वाचा आहेच. पण जे कळलेलं नाही ते ‘कळलेलं नाही’ म्हणून टिकवणं हाही अचूकतेचाच भाग आहे, आणि त्याकडे जवळजवळ कुणी लक्ष देत नाही. इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिसच्या नोंदींत हे दुर्लक्ष सर्वांत स्पष्ट दिसतं. बहुतेकांचा मोनो काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, त्यामुळे चुकीची नोंद त्या वेळी कुणालाच खुपत नाही. ती खुपते नंतर, वेगळ्या डॉक्टरांसमोर, वेगळ्याच आजारात.

या आजाराच्या नावाचा इतिहास पाहिला तर पुरावा जसजसा वाढला तसतसं नाव बदललेलं दिसतं. १८८९ मध्ये एमिल फायफर या जर्मन डॉक्टरांनी त्याला ‘ग्रंथिज्वर’ म्हटलं. तेव्हा बोटांना गाठी लागत होत्या आणि ताप मोजता येत होता, म्हणून नावात तेवढंच आलं. १९२० मध्ये स्प्रंट आणि एव्हान्स यांनी रुग्णांच्या रक्तातल्या वेगळ्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींचं वर्णन केलं आणि ‘इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस’ हे नाव रूढ झालं. त्या पेशी प्रत्यक्षात लिम्फोसाइट या प्रकारच्या असतात, नावावरून वाटतं तशा मोनोसाइट नव्हेत. पण नाव चिकटलं ते चिकटलं. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल यांना या रुग्णांच्या रक्तद्रवात मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आढळली, आणि पहिल्यांदाच आजाराला तपासणीचा आधार मिळाला. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांनी बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींत एक नवा विषाणू पाहिला, तोच एपस्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. मोनोशी त्याचा संबंध जुळला तो आणखी तीनचार वर्षांनी, व्हर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले यांच्या प्रयोगशाळेत. तिथल्या एका तंत्रज्ञ मुलीला मोनो झाला. आजारापूर्वी तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती, आजारानंतर ती आली. तिचं आधीचं रक्त तपासून त्याचा निकाल नोंदवलेला होता, म्हणूनच नंतरच्या निकालाला अर्थ आला.

तब्बल ऐंशी वर्षांची ही वाटचाल आयसीडी-१० च्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या कोड-यादीच्या, एका छोट्या गटात सामावली आहे. मोनोचा गट बी २७. एपस्टाइन-बार विषाणूमुळे झालेला मोनो बी २७.०, सायटोमेगॅलो विषाणूमुळे झालेला बी २७.१, इतर कारणांचा बी २७.८, आणि कारण न सांगितलेला बी २७.९. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत पुढे आणखी एक अंक लागतो: गुंतागुंत नसेल तर ०, अनेक नसांना इजा असेल तर १, मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर २, दुसरी काही गुंतागुंत असेल तर ९. म्हणजे ही चौकट दोन प्रश्न विचारते. कशामुळे झाला? आणि त्याने आणखी काय केलं? प्रश्न रास्त आहेत. उत्तरं मात्र केसपेपरवर लिहिलेली असावी लागतात.

प्रत्यक्षात काय होतं? बी २७.० चं अधिकृत नाव ‘गॅमाहर्पिस विषाणूजन्य मोनोन्यूक्लिओसिस’ असं आहे. घाईत असलेला माणूस सॉफ्टवेअरमध्ये ‘मोनो’ टाइप करतो, यादीत ते अवजड नाव दिसतं, त्यात एपस्टाइन-बारचा उल्लेख नसतो, आणि बोट सरळ खालच्या ‘अनस्पेसिफाइड’वर, म्हणजे बी २७.९ वर, जातं. (नुसतं ‘बी २७’ शोधलं तर सांध्यांच्या विकारात तपासतात ती एचएलए-बी २७ ही रक्ततपासणीही समोर येते. तिचा मोनोशी काही संबंध नाही, अक्षर-आकड्यांचा निव्वळ योगायोग आहे. नवीन कोडरला ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवावी.)

अनस्पेसिफाइड कोड वापरणं हा गुन्हा नाही. मोनो आहे याबद्दल डॉक्टरांची खात्री असेल आणि विषाणू कोणता ते तपासलेलं नसेल, तर बी २७.९ हाच प्रामाणिक कोड आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या एका कोडमध्ये चार प्रकारचे रुग्ण एकत्र कोंबले जातात: ज्यांची तपासणी झाली पण निकाल कुणी टिपणीत उतरवला नाही ते, ज्यांची तपासणी झालीच नाही ते, ज्यांची तपासणी निगेटिव्ह आली तरी लक्षणांवरून मोनो म्हटलं गेलं ते, आणि ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना मुळातच शंका होती ते. बाहेरून चौघेही सारखे दिसतात. पुढच्या उपचाराच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तपासणीचं बघा. मोनोस्पॉट ही झटपट तपासणी हेटेरोफाइल प्रतिपिंडं, म्हणजे पॉल आणि बनेल यांना सापडली होती तशी, शोधते. ती प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. आजाराच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या मोनोच्या साधारण चारातल्या एका रुग्णात ही तपासणी निगेटिव्ह येते. चार वर्षांखालच्या मुलांत तर तिच्यावर विसंबताच येत नाही. तेव्हा ‘मोनोस्पॉट निगेटिव्ह’ या दोन शब्दांना एकटं काही वजन नाही. ताप आल्यापासून कितव्या दिवशी, हे सोबत असेल तरच ते वाक्य पुरं होतं. मी पाहिलेल्या कागदांत निकाल बहुतेकदा असतो, दिवस क्वचितच असतो.

याउलट चूकही होते, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांना एपस्टाइन-बारचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो, पुष्कळांना लहानपणीच आणि काहीही न जाणवता. त्याची आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडं आयुष्यभर रक्तात राहतात. त्यामुळे रिपोर्टवर ‘ईबीव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’ दिसणं ही जवळपास कुणाच्याही रक्ताबद्दलची गोष्ट आहे. नव्या संसर्गाची खूण म्हणजे विषाणूच्या कवचाविरुद्धचं आयजीएम, म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला येणारं प्रतिपिंड, पॉझिटिव्ह असणं आणि त्याच वेळी ईबीएनए या केंद्रकातल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं नसणं. ईबीएनएची प्रतिपिंडं आजार सुरू झाल्यावर काही आठवडे ते महिने उलटल्यावरच येतात. ती आधीच हजर असतील तर आजचा ताप बहुधा दुसऱ्या कशाचा तरी आहे. पण टिपणीत ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ एवढंच येतं, दुसऱ्या भेटीत त्याचं ‘मोनो’ होतं, तिसऱ्या भेटीत जुनी टिपणी नव्यात चिकटवली जाते आणि तेव्हापासून तो माणूस मोनोचा रुग्ण.

इथे कोणी म्हणेल, रिपोर्ट फाइलमध्ये आहे ना, मग कोडरने वाचून ठरवावं. नाही. प्रयोगशाळेच्या कागदावरून निदान ठरवण्याचा अधिकार कोडरला नाही आणि नसावा. त्या आकड्यांचा या माणसाच्या घशाशी, गाठींशी, वयाशी काय संबंध, हे त्याला तपासणाऱ्यानेच सांगायचं. कोडर फार तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवू शकते, आणि तीही सूचक नको. ‘हा ईबीव्ही मोनो आहे असं लिहावं का?’ हा चुकीचा प्रश्न. ‘या निकालांचा तुम्ही काय अर्थ लावता?’ हा बरोबर. आमच्यातल्या पुष्कळांना पहिला प्रश्न सोपा वाटतो, कारण त्याला लगेच ‘हो’ असं उत्तर येतं. मीही सुरुवातीच्या वर्षांत तसे प्रश्न पाठवले आहेत. त्यांतल्या किती ‘हो’मागे विचार होता आणि किती ‘हो’मागे फक्त घाई, हे आता शोधायला मार्ग नाही.

आता त्या चौथ्या रुग्णाकडे येऊ, ज्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. ताप, घसा, गाठी, थकवा, कधी अंगावर पुरळ, रक्तात वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट. हे चित्र एकट्या एपस्टाइन-बारचं नाही. सायटोमेगॅलो विषाणू ते निर्माण करतो. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी करतो. आणि एचआयव्हीचा अगदी ताजा संसर्गही हुबेहूब असाच दिसू शकतो. त्याला आयसीडी-१० मध्ये स्वतंत्र कोड आहे, बी २३.०. या काळात रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण प्रचंड असतं, माणसाला स्वतःच्या संसर्गाची कल्पना नसते, आणि फक्त प्रतिपिंडं शोधणारी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. प्रतिजन, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिनही शोधणारी किंवा थेट विषाणूची जनुकं शोधणारी तपासणी लागते. ताज्या एचआयव्ही संसर्गात मोनोस्पॉट खोटी पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

अशा वेळी ‘? मोनो, तपासणी निगेटिव्ह, इतर कारणं पाहायची आहेत’ असं वाक्य नोंदीत जिवंत असेल, तर पुढच्या भेटीतले डॉक्टर ते वाचून थबकतात. त्याच जागी बी २७.९ असेल तर त्यांना दिसतं ते एक नाव, एक मिटलेलं प्रकरण. ताप उतरलेलाही असतो, कारण ताज्या एचआयव्हीतला तापही आपोआप उतरतो. रुग्ण घरी जातो. नाव मिळाल्यावर शोध थांबतो, हा माणसाच्या मनाचाच स्वभाव आहे. त्यात डॉक्टरांचा वेगळा दोष नाही. म्हणून तर नाव देताना जपायला हवं. सायटोमेगॅलोचंही तसंच. एरवी निरोगी असलेल्या प्रौढाला तो फारसं काही करत नाही, पण गरोदरपणात पहिल्यांदा झाला तर पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. कारण न शोधता ‘मोनो’ म्हणून टाकलेल्या बाईच्या नोंदीत ही शक्यता कुठे शोधायची?

आता नियम काय सांगतात ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० च्या सूचनांनुसार उपचार संपतानाही निदान ‘संशयित’ असंच लिहिलेलं असेल आणि आणखी माहिती नसेल, तर ते पक्कं असल्यासारखा कोड लावायचा. अमेरिकेच्या नियमावलीत दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णासाठी असाच नियम आहे. बाह्यरुग्णासाठी मात्र उलटा, तिथे ‘संभाव्य’, ‘संशयित’ असं काहीही कोड करायचं नाही, लक्षणांचे कोड लावायचे. एकच रुग्ण, एकच शंका. तो कॉटवर आहे की खुर्चीवर, यावरून ती शंका पक्कं निदान बनते किंवा लक्षण म्हणून राहते. भरती रुग्णासाठीच्या नियमामागे कारण आहे. त्या निदानासाठी जेवढी यंत्रणा कामाला लागली तेवढा खर्च झाला, आणि हिशेबात तो दिसायला हवा. हिशेबापुरतं मी ते मान्य करते. पण तोच कोड रुग्णाच्या आयुष्यभराच्या नोंदीत जातो, आणि तिथे हिशेबाचं कारण लागू पडत नाही.

शंका जपणं या पद्धतीला जमतच नाही, असंही नाही. त्याच अमेरिकी नियमावलीत एचआयव्हीसाठी ठळक अपवाद आहे: खात्री झालेलीच केस कोड करायची. पुढे झिका आणि कोविड-१९ साठीही तेच केलं गेलं. तिथे चुकीच्या शिक्क्याची किंमत सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसली. मोनोच्या शिक्क्याची किंमत दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आणि दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे.

ती किंमत सर्वांत सहज दिसते पेनिसिलिनच्या बाबतीत. घसा लाल आहे म्हणून जिवाणूंचा संसर्ग समजून पेनिसिलिनच्या गटातलं अमोक्सिसिलिन दिलं जातं. घसा मोनोचा असेल तर काही दिवसांनी अंगभर तांबूस पुरळ उठतं. १९६० च्या दशकातल्या पाहण्यांत त्याच गटातलं ॲम्पिसिलिन घेतलेल्या मोनोच्या बहुसंख्य रुग्णांत असं पुरळ आढळलं होतं. अलीकडच्या पाहण्यांत प्रमाण बरंच कमी, साधारण तीनातल्या एका रुग्णापर्यंत आढळतं. तरीही ते पुष्कळच. यांतल्या बहुतेकांना पेनिसिलिनची खरी ॲलर्जी नसते. विषाणूमुळे खवळलेल्या प्रतिकारशक्तीची औषधाला मिळालेली ती तात्पुरती प्रतिक्रिया असते. काही थोड्यांत खरी ॲलर्जी निघू शकते, म्हणून नंतर तपासून घेणं योग्यच. पण त्या दिवशी नोंदीत काय लिहिलं जातं? ‘पेनिसिलिन ॲलर्जी.’ कोड झेड ८८.०, म्हणजे पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा पूर्वेतिहास. लाल अक्षरांत, प्रत्येक पानाच्या माथ्यावर.

मोनोचं निदान त्या आठवड्यात झालेलं नसतं, किंवा झालं तरी दुसऱ्या डॉक्टरांकडे झालेलं असतं. पुरळ आणि विषाणू यांची गाठ कागदावर कधी पडतच नाही. वीस वर्षांनी त्याच माणसाला शस्त्रक्रियेच्या वेळी, किंवा हृदयाच्या झडपेच्या संसर्गात, सर्वांत चांगलं चालणारं औषध बाजूला ठेवून दुसरं दिलं जातं. अशी बदली औषधं बऱ्याचदा जास्त जिवाणूंवर आघात करणारी असतात, आणि त्यांच्यामुळे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊहून जास्त जणांना ते औषध चालतं, हे आता वारंवार दिसून आलं आहे. हे सगळं एका वाक्याने टळू शकलं असतं: ‘मोनो असताना अमोक्सिसिलिनच्या सहाव्या दिवशी सपाट पुरळ, श्वासाला त्रास नाही, ओठांना सूज नाही, ॲलर्जी असल्याचं यावरून ठरत नाही.’ त्याला योग्य कोडही आहे. औषधामुळे उठलेल्या पुरळाचा एल २७.० आणि सोबत औषधाचा. घडलेल्या घटनेची नोंद राहते, कायमचा शिक्का बसत नाही.

प्लीहेबद्दल थोडक्यात. मोनोत प्लीहा सुजते आणि अगदी थोड्यांत, हजारात एक ते पाच इतक्यांत, ती फाटते. बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत, आणि कधी कधी काहीही न लागता. असा रुग्ण पोटदुखीने रात्री येतो, शस्त्रक्रिया होते, आणि नोंदीत ‘प्लीहा फाटली’ एवढंच असेल तर एस ३६.० हा इजेचा कोड लागण्याची दाट शक्यता. इजेविना फाटलेल्या प्लीहेसाठी डी ७३.५ आहे आणि त्यामागचं कारण म्हणून बी २७. दोन्हीतला फरक एका शब्दाचा, ‘आपोआप’. तो लिहिला नाही तर आजाराची सगळ्यात जीवघेणी गुंतागुंत अपघातांच्या आकडेवारीत जमा होते. खेळाडूंना मोनोनंतर किमान तीन आठवडे मैदानापासून दूर ठेवायला सांगतात, तो सल्ला अशाच नोंदींवर उभा आहे.

माझ्याशी वाद घालणारे डॉक्टर मला भेटतात आणि त्यांचं म्हणणं पोकळ नसतं. मोनोवर खास औषध नाही, विश्रांती आणि पाणी हाच उपचार. मग प्रत्येकाच्या प्रतिपिंडांचे चार-चार रिपोर्ट कशाला काढायचे? अगदी बरोबर. सगळ्यांची तपासणी करा असं मी म्हणत नाही. तपासणी न करणं हा वैद्यकीय निर्णय आहे आणि तो पुष्कळदा शहाणपणाचा असतो. तो निर्णय तसा लिहा, इतकंच. ‘लक्षणांवरून मोनो असावा, तपासणीची गरज वाटली नाही’ या वाक्यात रुग्णाचं काही बिघडत नाही आणि पुढच्या वाचणाऱ्याला सगळं कळतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. लक्षणांचे कोड लावले, घसादुखीचा आर ०७.०, गाठींचा आर ५९, की पैसे देणारे विचारतात, निदान कुठे आहे? क्लेम परत येतो. ज्या ठिकाणी मी पूर्वी काम करत होते तिथे तर ऑडिटच्या आधी ‘लक्षणांचे कोड कमी करा’ अशी तोंडी सूचना यायची. मग डॉक्टर काय करणार? प्रश्नचिन्ह खोडणार. इथे दोष एका माणसाचा उरत नाही. शंका लिहिणाऱ्याला दंड आणि खात्री दाखवणाऱ्याला मोबदला, अशी रचना असेल तर नोंदी खात्रीच्याच होत जाणार, ज्ञान वाढलं असो वा नसो. म्हणून हा प्रश्न डॉक्टर आणि कोडर यांच्यात मिटणारा नाही. पैसे देणाऱ्या संस्था, नियम करणारे, सॉफ्टवेअर बनवणारे या सगळ्यांनी मान्य करायला हवं की आठव्या दिवसाच्या तापाचं नेमकं कारण माहीत नसणं ही निष्काळजी नाही. ती त्या दिवसाची वस्तुस्थिती आहे.

आयसीडी-११ मध्ये यासाठी जागा केलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ती आवृत्ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिच्यात मूळ कोडला जोडायचे पूरक कोड आहेत, आणि त्यांत निदान तात्पुरतं आहे, ते अनेक शक्यतांपैकी एक आहे, हे सांगणारेही आहेत. निदान कशाच्या आधारावर पक्कं झालं हेही जोडता येतं. म्हणजे केसपेपरवरचं ते प्रश्नचिन्ह पहिल्यांदाच कोडमध्ये टिकू शकतं. पण हे पूरक कोड बहुतांशी ऐच्छिक आहेत, आणि ऐच्छिक रकान्याचं काय होतं ते कुठल्याही कोडरला विचारा. स्क्रीनवर तो रकाना दुसऱ्या पानावर जाईल, मग ‘नंतर भरा’ होईल, मग कुणीच भरणार नाही. माझी मागणी ठोस आहे: संसर्गजन्य आजारांच्या कोडला निदानाच्या खात्रीचा पूरक कोड सक्तीचा करावा. मोनोसारख्या आजारात तर नक्कीच, जिथे एकाच चेहऱ्यामागे पाच कारणं असू शकतात.

मोनोची मोजणीही याच नोंदींवर चालते. बहुतेक ठिकाणी हा आजार सरकारला कळवणं बंधनकारक नाही, म्हणून तो किती जणांना होतो याचा अंदाज मुख्यतः दवाखान्यांच्या कोडवरून निघतो. एपस्टाइन-बारविरुद्धच्या लसीवर काम चालू आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर असं दिसलं की लशीने संसर्ग थांबला नाही, पण मोनो होण्याचं प्रमाण घटलं. उद्या अशी लस सर्वत्र आली, तर तिने काय साधलं हे आपण मोनोच्याच नोंदी मोजून ठरवणार. २०२२ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आणि हा विषाणू यांचा संबंध दाखवणारा मोठा अभ्यास झाला. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून जास्त लोकांमधून सेवाकाळात तो आजार झालेले ९५५ जण शोधले गेले, आणि एपस्टाइन-बारचा संसर्ग झाल्यानंतर धोका ३२ पट वाढल्याचं दिसलं. हे ‘झाल्यानंतर’ सिद्ध करता आलं ते त्यांच्या रक्ताचे नमुने वेळोवेळी साठवलेले होते म्हणून. केवळ ‘मोनो झाला होता’ या डॉक्टरांच्या नोंदींवर आधीचे अभ्यास झाले होते, पण कारण आणि परिणाम इतक्या स्पष्टपणे वेगळे करायला ते पुरे पडले नव्हते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. मोनोनंतर काही जणांचा थकवा जात नाही. सहा महिन्यांनीही साधारण दहातल्या एकाचा. त्यांच्यासाठी विषाणूनंतरच्या थकव्याचा जी ९३.३ हा कोड आहे. तो लावायला आधीचा आजार नोंदीत दिसावा लागतो, तारखेसह. मुलगी महाविद्यालयात परत जाते, वर्गात बसवत नाही, डोकं चालत नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर नवे. त्यांना मागच्या नोंदीत ‘घसादुखी’ मिळते, किंवा याच्या उलट, चार वर्षं जुना ‘मोनो’ अजून चालू आजारांच्या यादीत पडून असलेला मिळतो. एकात तिच्या थकव्याला मूळच नाही, दुसऱ्यात मूळ इतकं जुनं आणि संशयास्पद की त्यावर विश्वास बसू नये. दोन्हीकडे तीच मुलगी खोटी ठरते. आजार कधी सुरू झाला, कशावरून ठरला, कधी संपला असं मानलं, एवढ्या तीन गोष्टी कुणी त्या वेळी लिहून ठेवल्या असत्या तर तिला पुढच्या प्रत्येक दारात स्वतःची साक्ष द्यावी लागली नसती.

गेल्या वर्षी मी एका टिपणीवर क्वेरी पाठवली होती. ‘? मोनो’ असं लिहिलेलं होतं, मोनोस्पॉट निगेटिव्ह होती, दिवस लिहिलेला नव्हता. मी विचारलं, निकालाचा अर्थ कसा लावावा? उत्तर त्याच दिवशी आलं: ‘तापाचा पाचवा दिवस होता. प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलं आहे, कृपया काढू नये. प्रतिपिंडांचे रिपोर्ट आणि एचआयव्ही प्रतिजनाची तपासणी पाठवली आहे.’ मी घशाचा आणि गाठींचा कोड लावला. दहा दिवसांनी रिपोर्ट आले. एचआयव्ही निगेटिव्ह, एपस्टाइन-बारचं आयजीएम निगेटिव्ह, ईबीएनए पॉझिटिव्ह. म्हणजे तो संसर्ग जुनाच. सायटोमेगॅलोचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं होतं. डॉक्टरांनी लगेच निदान बदललं नाही. त्यांनी लिहिलं: ‘सायटोमेगॅलोमुळे असण्याची शक्यता. आयजीएम एकटं पुरेसं नाही, तीन आठवड्यांनी आयजीजी पुन्हा पाहू. घरात कुणी गरोदर आहे का, विचारलं, नाही.’

त्या दिवशीही मी कोड बदलला नाही. पुन्हा तपासणीची तारीख मात्र माझ्या वहीत लिहून ठेवली.